साडी, सतरंजी आणि वजनकाटा : लघवी सुटण्याची तक्रार असलेल्या एका ज्येष्ठ महिलेसाठी शोषक अंतर्वस्त्राची निवड

प्रस्तुत प्रकरण ६९ वर्षे वयाच्या, पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीत मुलगा, सून आणि नातू यांच्यासह राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सोसायटीत सगळे त्यांना काकू म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हटले आहे. व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणून मी त्यांच्या घरी गेले ती गुडघ्यांसाठी, कारण गुडघेदुखीमुळे त्या घराबाहेरच पडत नाहीत, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले होते. पहिल्या भेटीत काकू सोफ्यावरून कशाचाही आधार न घेता उठल्या, आतून पाणी घेऊन आल्या आणि परत बसण्याआधी मात्र त्यांनी सोफ्यावरचा चौघडी घातलेला टॉवेल हाताने सारखा केला. गुडघे दुखत होते हे खरे होते, पण घराबाहेर जाणे बंद होण्याचे कारण त्या टॉवेलाशी निगडित होते.

तक्रार त्यांनी आपण होऊन सांगितली नाही. सूनबाई चहा टाकायला आत गेल्यावर मी थेट विचारले, तेव्हा आवाज खाली आणून सांगितली. पन्नाशीपासून खोकला किंवा शिंक आली की थेंब-दोन थेंब जात असत. ‘दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं तेवढं चालायचंच’ अशी त्यांची समजूत होती. गेल्या आठ महिन्यांत मात्र घाई सुरू झाली : नळाचा आवाज कानावर पडला किंवा बाहेरून येऊन दाराला किल्ली लावली की लघवी अडवून धरवत नसे. मुलाने औषधाच्या दुकानातून डायपर आणून दिले. ते वापरायला लागल्यावर महिन्याभरातच, नारायण पेठेतल्या भजनी मंडळात दोन तास मांडी घालून बसल्यानंतर उठताना त्यांची साडी आणि खालची सतरंजी भिजली. “एवढं गाठोडं बांधून गेले होते, तरी झालंच. मग जायचं तरी कशाला?” हे त्यांचे वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले, कारण आम्हाला सोडवायचा प्रश्न नेमका तोच होता : अंगावर डायपर असताना साडी भिजली कशी?

कुटुंबाने यावर दोन उपाय केले होते. मुलाने आणखी मोठ्या मापाचे, दुकानातले सर्वांत महाग डायपर आणले आणि काकूंनी पाणी पिणे कमी केले. दोन्ही उपायांमागची काळजी खरी होती आणि दोन्हींमुळे त्रास वाढला. पाणी कमी झाले की लघवी दाट होते, मूत्राशयाला चुरचुरते, वास वाढतो आणि शौचाला खडा होतो. भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर आला की घाई आणखी वाढते. माप मोठे केल्याने काय झाले, ते पुढे येते.

अंतर्वस्त्राचा विचार करण्याआधी मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. लघवी सुटणे हे लक्षण आहे, आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, एखादे औषध, अंग बाहेर येणे किंवा मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. लघवीत रक्त, जळजळ, ताप, अचानक सुरू झालेला त्रास किंवा पायांतली ताकद कमी होणे यांपैकी काही असेल, तर डायपरची चर्चा नंतर करावी. काकूंच्या तपासणीत संसर्ग निघाला नाही, साखर आटोक्यात होती आणि सोनोग्राफीत लघवीनंतर मूत्राशयात उरणारे प्रमाण चिंतेचे नव्हते. डॉक्टरांनी निदान मिश्र प्रकाराचे केले, म्हणजे खोकताना दाबाने जाणारी आणि घाईने जाणारी अशी दोन्ही. रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी काकू भजनाच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर घेत असत, ही गोष्ट त्या भेटीत पुढे आली. गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळची ठरवून दिली. असा बदल घरच्या घरी करू नये, हे मी सूनबाईंना वेगळे सांगितले.

भाजणीचा काटा

दुसऱ्या भेटीत आम्ही तीन दिवसांची नोंद ठेवायचे ठरवले. किती वाजता किती प्यायले, किती वाजता लघवीला गेल्या, केव्हा सुटली आणि त्या वेळी काय करत होत्या, असे रकाने सूनबाईंनी नातवाच्या जुन्या वहीत आखले. किती सुटली हे मोजायला वजनकाटा लागतो आणि तो या घरात होता : चकलीच्या भाजणीसाठी घेतलेला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरून वापरलेला डायपर ठेवायचा आणि त्यातून कोऱ्या डायपरचे वजन वजा करायचे. एक मिलिलिटर लघवी साधारण एक ग्रॅम भरते, त्यामुळे वेगळा हिशेब लागत नाही. काटा यापुढे भाजणीला वापरायचा की नाही, यावर सासू-सुनेत थोडी चर्चा झाली आणि मुलाने दुसरा काटा आणला.

कोरा डायपर १०४ ग्रॅमचा होता. नोंदीच्या पहिल्या दिवशी, उठल्यापासून झोपेपर्यंतच्या चार बदलांत ३१, ५८, ७४ आणि २२ मिलिलिटर भरले. रात्रभराचे २९० झाले. या प्रकरणातला निर्णायक पुरावा या आकड्यांत होता : परकर भिजला तो ५८ च्या वेळी, ७४ च्या वेळी नाही. ७४ मिलिलिटर ओट्यापाशी उभे असताना गेले होते. ५८ मिलिलिटर देवासमोर मांडी घालून बसून उठताना गेले होते. रात्री जवळपास ३०० मिलिलिटर धरून ठेवणारा डायपर दिवसा ५८ मध्ये हार मानतो, याचा अर्थ त्याची शोषण्याची क्षमता कमी पडत नव्हती.

डायपरच्या आत लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर असतो आणि त्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण मिसळलेले असतात. लगदा पाणी पटकन उचलून पसरवतो, कण ते सावकाश ओढून जेलीसारखे धरून ठेवतात. उठताना एकदम आलेली धार या कणांच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येते. तेवढे काही क्षण ती अंगाशी नीट चिकटलेल्या कडांनी अडवायची असते. कडेला फट असली तर धार शोषली जाण्याआधीच मांडीवरून खाली जाते, मग आतला थर अर्धा लिटर धरणारा असला तरी उपयोग नाही. पाकिटावर किंवा जाहिरातीत दिलेल्या क्षमतेकडेही म्हणूनच बेताने पाहावे. आयएसओ ११९४८-१ या प्रमाणित प्रयोगशाळा पद्धतीत डायपर पूर्ण बुडवून, निथळून वजन केला जातो, तर बसणाऱ्या-उठणाऱ्या माणसाच्या अंगावर तो त्या आकड्याच्या बराच आधी गळू लागतो.

काकूंची कंबर ८४ सेंटिमीटर आणि नितंबांचा घेर ९६ सेंटिमीटर भरला. दोन्हींतले मोठे माप धरून पाकिटावरचा तक्ता पाहायचा असतो. त्याप्रमाणे त्यांना मीडियम बसायला हवा होता आणि घरात होता एक्स्ट्रा लार्ज. डायपर घालून त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा मांडीच्या कडेतून माझी चार बोटे सहज आत गेली. वास्तविक एक बोट जेमतेम जावे. मोठे म्हणजे जास्त सुरक्षित, हा मुलाचा हिशेब बादलीच्या बाबतीत बरोबर ठरला असता.

अजून दोन गोष्टी कडा तपासताना सापडल्या. मांडीच्या लवचिक कडेच्या आतल्या बाजूला पातळ कापडाची एक उभी झालर असते आणि तीच धारेला बांध घालते. काकू डायपर उभ्यानेच, साडी-परकर एका हातात गोळा करून बांधत असल्यामुळे ती झालर दोन्ही बाजूंना आत दुमडली जात होती. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतः काढून दाखवली : जुन्या सुती साडीची चार पदरी घडी, जी त्या रोज डायपरच्या आत ठेवत होत्या. प्लास्टिकसारखा स्पर्श अंगाला नको आणि डायपर जास्त वेळ टिकावा, हे दोन हेतू त्यामागे होते. पुण्यातल्या कितीतरी घरांत मी अशी घडी पाहिली आहे. पण सुती कापड ओल खाली सोडत नाही, स्वतःच धरून बसते. त्यामुळे डायपरचा थर कोरडा राहत होता आणि ओले कापड तासन्‌तास कातडीला लागत होते. जांघेत लाल चट्टे उठले होते, आणि त्यांवर काकू पावडर मारत होत्या, जिचे ओलाव्याने गोळे झाले होते.

निवड

दुकानात प्रश्न विचारला जातो तो एवढाच : टेपवाला की पँटवाला? टेपचा डायपर मुळात झोपून असलेल्या व्यक्तीला दुसऱ्याने बांधण्यासाठी सोयीचा आहे. हिंडत्या-फिरत्या माणसाने तो स्वतः उभ्याने बांधला की दोन्ही बाजू क्वचितच सारख्या बसतात, आणि दोन-तीनदा उघडझाप केल्यावर टेप धरत नाही. काकूंना दिवसभरासाठी चड्डीसारखा चढवायचा पँटचा प्रकार योग्य होता, हे मापे घेतानाच स्पष्ट झाले. प्रश्न कोणती पँट एवढाच उरला, आणि तो आम्ही पाकिटावरची वर्णने वाचून सोडवला नाही.

सदाशिव पेठेतल्या घाऊक औषध बाजारात चौकशी करून मुलाने मीडियम मापाच्या तीन वेगवेगळ्या पँटची लहान पाकिटे आणली. बाथरूममध्ये प्रत्येकीतला एक नग उलगडून, त्यावर ६० मिलिलिटर मीठपाणी एकदम ओतले. साध्या पाण्याने ही परीक्षा फसवी होते, कारण पॉलिअ‍ॅक्रिलेटचे कण साधे पाणी भरपूर ओढतात आणि क्षार असलेले पाणी त्या मानाने फार कमी. म्हणून लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातले होते. एका मिनिटाने वर टिश्यू कागद दाबला. एका पँटवर कागद जेमतेम दमट झाला, दुसरीवर ओला झाला आणि तिसरीवर पाणी कडेला ओघळूनही गेले होते. सर्वांत महाग होती ती दुसरी.

त्यानंतर खरी चाचणी झाली ती दिवाणखान्यात सतरंजी अंथरून. पँट घालून, पाचवारी नेसून, दहा मिनिटे मांडी घालून बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. मीठपाण्याच्या परीक्षेत पहिली आलेली पँट इथे मांडीला काचली. आतून फिरणारा तिचा रबर मांडी दुमडते तिथेच येत होता. आम्ही शेवटी दुसरी निवडली, जी थोडी कमी शोषत होती पण मांडी घातल्यावर कडा सोडत नव्हती आणि जिचे बाहेरचे आवरण कापडासारखे, चालताना न चुरचुरणारे होते. आवाज ही काकूंच्या लेखी मोठी बाब होती. आधीचा डायपर भजनात उठ-बस करताना प्लास्टिकच्या पिशवीसारखा वाजायचा, आणि शेजारणीने एकदा ‘पिशवीत काय आणलंत?’ असे निष्पापपणे विचारले होते.

साडीचा स्वतंत्र विचार करावा लागला, कारण परदेशी सूचनापत्रकांत पायजमा गृहीत धरलेला असतो. परकराची नाडी पँटच्या वरच्या रबरावर आली की रबर खाली सरकतो आणि मांडीच्या कडा सैल पडतात. म्हणून नाडी त्याच्या दोन बोटे वर बांधायची. पँट बसून, स्टुलावर, दोन्ही पाय घालून गुडघ्यांपर्यंत आणायची, मग उभे राहून वर घ्यायची आणि शेवटी दोन्ही जांघांतून बोट फिरवून झालर बाहेर काढायची. या बोट फिरवण्याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात पैसा न लागणारा सर्वांत उपयोगी बदल तोच होता. पँट काढताना ती खाली ओढायची नसते, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

सकाळी घरात असताना सुटणारे प्रमाण वीस-तीस मिलिलिटरच्या आसपास होते. त्यासाठी धुऊन वापरायच्या, आत शोषक थर शिवलेल्या सुती चड्ड्या घेतल्या. त्या दिसायला नेहमीच्या चड्डीसारख्या असल्याने काकूंनी त्या सर्वांत आनंदाने स्वीकारल्या. त्या धुण्याआधी गार पाण्यात खळबळून घ्याव्या लागतात, आणि कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावायचे नसते, कारण त्याचा लेप बसून शोषण कमी होते. पावसाळ्यात त्या वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून चारऐवजी सहा घ्याव्या लागल्या. सूनबाईंनी मध्ये एकदा मासिक पाळीचे पॅड सुचवले होते. ते दाट, सावकाश येणाऱ्या स्रावासाठी बनवलेले असतात, पातळ आणि वेगाने येणाऱ्या लघवीसाठी नव्हेत.

कातडीसाठी उपाय साधा होता. घडी आणि पावडर बंद केली. साबणाऐवजी कोमट पाणी, न घासता टिपून कोरडे करणे आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. लघवीतील युरियापासून अमोनिया तयार होतो आणि कातडीची नैसर्गिक किंचित आम्लता जाते. साबण त्यात भर घालतो. मलम जाड थापले तर मात्र ते पँटच्या वरच्या कापडाची छिद्रे बुजवते आणि ओल आत जात नाही. दहा-बारा दिवसांत चट्टे फिके पडले.

रात्रीचा प्रश्न वेगळा निघाला. नोंदवहीत रात्री लघवीला गेल्याची एकही वेळ नव्हती. चौकशी केल्यावर कळले, की अंधारात पडतील या भीतीने मुलानेच ‘आई, तू रात्री उठू नकोस, डायपर आहेच’ असे बजावले होते. म्हणजे २९० मिलिलिटर ही सुटलेली लघवी नव्हती, त्यातली बरीचशी परवानगीने केलेली होती. यावर माझे आणि मुलाचे थोडे वाजले. उठू शकणाऱ्या माणसाला डायपरमध्ये लघवी करायला सांगणे मला पटत नाही, आणि त्याची भीती चुकीची आहे असेही मला म्हणता येईना. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवायला काकूंनी साफ नकार दिला, कारण त्या खोलीतच देवघर आहे. अखेर पलंगापासून संडासापर्यंत पायाखाली उजेड पडेल असे दोन छोटे दिवे लावले, वाटेतले पायपुसणे काढले, रात्रीसाठी जास्त शोषणारी मीडियम पँट ठरवली आणि पलंगावर धुता येणारी अंथरी घातली. दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडायला सांगितले. दिवसभर पायांत साठलेली सूज आडवे झाल्यावर उतरते आणि तिचीच रात्री लघवी होते.

खर्च आणि कचरा

आधी दिवसाला पाच एक्स्ट्रा लार्ज डायपर लागत होते. आता घरी धुण्याची चड्डी, बाहेर जाताना एक पँट आणि रात्री एक, असा हिशेब आहे आणि महिन्याचा खर्च निम्म्याच्या खाली आला आहे. डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, ही त्यात लहानशी भर.

वापरलेली पँट गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळी द्यायची. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना हातात काय येते आहे हे उघडण्याआधी कळावे, म्हणून पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत सुरू झाली. काकूंना याचा संकोच होता. ठिपका दिसला की घरात कोण काय वापरते ते सगळ्या मजल्याला कळेल, असे त्या म्हणाल्या. शेजारच्या घरातून बाळाच्या डायपरचे रोज तसेच पुडके जाते, हे नातवाने दाखवून दिल्यावर तो विषय संपला.

बारा आठवड्यांनंतर

अंतर्वस्त्रासोबत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले होते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या या व्यायामाचा परिणाम दिसायला किमान तीन महिने द्यावे लागतात : दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचने. काकूंनी ते तीन वेळच्या आरती-जपाला जोडून घेतले, त्यामुळे चुकले नाहीत. पाणी पुन्हा दिवसाला सहा-सात भांड्यांवर आले. संध्याकाळचा दुसरा चहा बंद करायला मात्र त्या तयार झाल्या नाहीत.

बारा आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस वजन केले. दिवसाचे एकूण प्रमाण १८५ वरून ७० मिलिलिटरवर आले होते, रात्रीचे २९० वरून ११० वर. रात्री त्या एकदा उठतात. घाई गेलेली नाही, दाराला किल्ली लावताना अजून त्रास होतो. गुरुवारचे भजन सुरू झाले आहे. तिथे त्या आता खांबाशेजारी बसतात, म्हणजे उठताना धरायला आधार मिळतो आणि सावकाश उठता येते. मंडळाच्या बायका पुढच्या महिन्यात बसने पंढरपूरला जाणार आहेत आणि काकूंनी नाव दिले आहे. बसमध्ये पाय लोंबते ठेवून पाच-सहा तास बसल्यावर ही पँट कशी वागते हे आम्ही तपासलेले नाही, म्हणून येत्या रविवारी मुलगा त्यांना गाडीने सासवडपर्यंत नेऊन आणणार आहे, आणि पिशवीत काटाही घ्यायला सांगितला आहे.